पोटात तुटतं म्हणजे कुठे?

मी एक जुनी शेकायची पिशवी आहे, मित्रांनो. रंगाने लाल, अंगाने रबरी आणि तोंडाला बूच. माझ्या पाठीपोटावर उभ्या रेघा आहेत, त्या शोभेच्या नाहीत. गरम रबर अंगाला सपाट चिकटू नये म्हणून आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पक्क्या ठाऊक असलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत. पुढे माझे सांगणे बरेच गोंधळाचे होणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात दाबून, तापवून मला आकार दिला. शेवटी तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझ्यात हवा भरली, मला पाण्यात बुडवले आणि एकही बुडबुडा येत नाही असे पाहून त्या म्हणाल्या, "ही काही गळायची नाही." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. तेव्हापासून न गळणे म्हणजेच चांगले वागणे, अशी माझी समजूत झाली.

मग मी एका घरात आले. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. आई बेकरीत कामाला होती; दिवसभर भट्टीपुढे उभे राहून तिची कंबर धरे. बाबा बस चालवत, त्यांची मान अवघडे. आईचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच राही. तो लिफ्ट दुरुस्त करी आणि घरी येताना रोज कुरकुरे, "लिफ्टवाल्याच्या नशिबी बिनलिफ्टची बिल्डिंग." शिवाय एक लहान मुलगी होती. मामा तिला 'बटण' म्हणे, म्हणून सगळेच तिला बटण म्हणत.

माझे काम सोपे होते. कुणीतरी म्हणे, "दुखतंय." दुसरे कुणी विचारी, "कुठे?" दुखणारे माणूस बोट दाखवी. मग पाणी तापे, ते माझ्यात भरले जाई आणि मी त्या जागी जाऊन बसे. घरातली सगळी दुखणी मला पाठ होती. "हिच्यासारखी गुणाची कुणी नाही," असे आई म्हणे. त्यावर मामा म्हणे, "अगदी तुझ्यावर गेलीय, ताई. आधी तापते, मग सगळ्यांना बरं वाटतं."

पुढे मामाचेच पोट दुखू लागले. सुरुवातीला घरात ते हसण्यावारी नेले, कारण बेकरीतले उरलेले पाव तो एकटाच फस्त करी. मी त्याच्या पोटावर बसे, तो "बरं वाटतंय गं" म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखे. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, इस्पितळ झाले. तिकडे मला कुणी नेले नाही. एका दुपारी बाबा एकटेच घरी आले आणि बूट न काढता खुर्चीवर बसले. "मामा गेला," ते बटणला म्हणाले. मामा रोज सकाळी कामावर निघे तेव्हाही घरात 'मामा गेला' असेच म्हणत. त्यामुळे मला त्यात वेगळे काही वाटले नाही. बाबा बूट काढायला का विसरले, तेवढे मात्र कळेना.

माझा गोंधळ तिथून सुरू झाला. घरात माणसे येऊ लागली आणि मी कधी न ऐकलेली दुखणी सांगू लागली. समोरच्या मावशी म्हणाल्या, "ऐकलं आणि काळजात चर्र झालं." चर्र झाले म्हणजे भाजले असणार, आणि भाजल्यावर तर मला जवळही आणत नाहीत. कुणाला भरून आले. भरणे हा माझा रोजचाच धंदा, पण त्यांचे डोळे भरले होते आणि तिथे मला कुणी लावले नाही. आणखी एक जण म्हणाले, "जिवाला फार लागलं हो." लागले म्हणावे तर कुठे खरचटलेले दिसेना. आणि जीव अंगात नेमका कुठे असतो, ते मला आजवर कुणी बोटाने दाखवलेले नाही.

मामाचे साहेबही आले. सुतकी चेहरा करून ते उभ्यानेच म्हणाले, "आम्हा सर्वांना अत्यंत शोक झाला आहे."

"कसला शोक?" बटणने विचारले. "मामाला तर शीळ घालायचा शोक होता."

"तो शौक गं," बाबा म्हणाले. "शौक वेगळा, शोक वेगळा."

साहेबांनी खुर्ची ओढली. ते खाली बसले आणि साध्या आवाजात म्हणाले, "शीळ मात्र खरीच घालायचा. लिफ्टच्या खड्ड्यातून शीळ ऐकू आली की आम्ही समजायचो, काम होत आलं." नंतर ते बराच वेळ बसून होते. शोक कुठला आणि शौक कुठला, ते मला अजून नीट लावता येत नाही.

आई मात्र रडली नाही. ती आल्यागेल्याला पाणी देई, खुर्च्या मांडी, "सावकाश उतरा, जिना अंधारा आहे" असे सांगे. मावशी हळूच बाबांना म्हणाल्या, "सगळे कढ आतल्या आत जिरवतेय ती. एकदा रडू द्या तिला." कढत म्हणजे काय ते मला कळते. उकळते पाणी तसेच ओतून बूच घट्ट लावले, तर माझे जोड सैल पडतात. म्हणून मला आईची काळजी वाटली. पण माझे पहिले कौतुक न गळण्याबद्दलच झालेले. तेव्हा आई करते ते बरोबर की चूक, हे मला काही केल्या ठरवता येईना.

माणसे यायची थांबली. आई पुन्हा बेकरीत जाऊ लागली. पण ताटावर बसे आणि दोन घास खाऊन उठे. एकदा बाबांनी विचारले, "अगं, होतंय तरी काय तुला?"

"काही नाही हो," आई म्हणाली. "पोटात तुटतंय नुसतं."

बटण दारात उभी होती. पोट म्हटल्याबरोबर तिने मला खुंटीवरून ओढले आणि बाबांना पाणी तापवायला लावले. आई "नको गं" म्हणाली, पण तिने मला ठेवून घेतले. मी चक्रावून गेले. दुखणारे पोट आखडलेले असते, शेकता शेकता सैल होते. आईच्या पोटाला काहीच झालेले नव्हते. तिथे तुटलेले असे मला काही लागले नाही.

मग हे रोजचेच झाले. शाळेतून आली की बटण मला घेऊन आईपुढे उभी राही. "तुटतंय का?" आई थकून म्हणे, "थोडंसं." बटणने खेळायला जाणे सोडले. आई कामावर निघाली की ती बेकरीच्या दारापर्यंत पोचवायला जाई आणि तिथून हलता हलत नसे. एक दिवस मला पोटाशी धरून ती स्वतःशीच पुटपुटली, "मामाचंही असंच पोटापासून सुरू झालं होतं."

मित्रांनो, तेव्हा मला कळले की पोरीला कसली भीती बसली आहे. ते कुणाला तरी सांगायला हवे होते. मला तोंड आहे, पण त्यात बूच आहे.

शेवटी बटणने हट्टच धरला आणि आईला दवाखान्यात जावे लागले. बटणने मला दप्तरात घालून नेले. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिले. इथे दुखतं का, तिथे दुखतं का, विचारले. आई सगळ्याला नाही म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखणं काही नाही. दुःख आहे. त्याला वेळ लागतो."

बटणला ते दुखण्याचेच मोठे नाव वाटले. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले. घरी येताच तिने मला ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "पाणी तापव."

"अगं, ऐकलंस ना? मला दुखत नाहीये."

"दुःख आहे म्हणाल्या त्या. मामासारखंच ना?" बटणचा आवाज बारीक झाला. "तू पण जाणार का?"

आईच्या हातात पाण्याचे भांडे होते. ते तसेच धरून ती खाली जमिनीवर बसली.

"नाही गं बाळा. मला काही झालेलं नाही. तो नाहीये ना, म्हणून तुटतं."

"काय तुटतं?"

आईने भांडे बाजूला ठेवले. "मला नाही सांगता येत," ती म्हणाली. मग तिने बटणला जवळ ओढले. "तुला कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही," बटण म्हणाली. "मला मामा पाहिजे."

तेव्हा आई रडली. मोठ्याने, नाकडोळ्यांतून पाणी येईपर्यंत रडली, आणि बटणही तिच्या कुशीत शिरून रडली. बाबा कामावरून आले ते दोघींना पाहून दारातच थांबले, मग तेही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि डोळे पुसू लागले. मी ओट्यावर रिकामीच पडून होते. आधी मला अपमान वाटला. मग आईने ताट वाढून घेतले आणि ती शेवटपर्यंत जेवली, ते पाहून मी पुन्हा गोंधळले. कुणी कुणाला शेकले नव्हते, तिघेही चांगले गळले होते, मग बरे कसे वाटले?

आता मी म्हातारी झाले आहे. माझ्या रबराला भेगा पडल्या आहेत आणि दारामागच्या खुंटीवर मी नुसती लटकत असते. मित्रांनो, घरात माझी जातवाली असेल तर तिच्यात उकळते पाणी ओतू नका, बूच लावण्याआधी आतली हवा काढा आणि वापर झाला की तिला उलटी टांगून वाळवा. एवढे आमच्यापुरते झाले. दुःखाचे मला अजूनही नीट उमगलेले नाही, म्हणून उपदेश करायला जीभ रेटत नाही. पण घरात कुणी तुटतंय, लागलंय, भरून आलंय असे म्हणाले, तर 'कुठे' एवढेच विचारून पाणी तापवायला धावू नका. 'कोणासाठी' असे विचारा आणि जवळ बसा. मोठ्यांना तर विचाराच, पण पाणी तापवायला धावणाऱ्या लहानग्यालाही विचारा. बटणला त्या दिवसापर्यंत कुणीच काही विचारले नव्हते.