अकरा वर्षांची सरळ रेषा

कंपनीने त्या वर्षी आठ नवे पदवीधर घेतले. प्रशिक्षण दोन वर्षांचं, दर सहा महिन्यांनी नवं खातं, आणि पहिल्या सहा महिन्यांनंतर मोठ्या बाईंसमोर, म्हणजे कंपनीच्या वित्तप्रमुखांसमोर, सादरीकरण. त्यात जो पडला तो घरी. आठांतल्या एका मुलीला बाकीचे 'दशांश' म्हणत, कारण वेळ विचारली तरी ती सेकंदासकट सांगायची.

दशांशचे वडील शाळेची बस चालवत. आपली मुलगी कॉर्पोरेट फायनान्समध्ये लागली, हे त्यांनी बसमधल्या पहिलीच्या पोरांनाही सांगून टाकलं होतं.

"म्हणजे नक्की करते काय?" आत्याने एकदा विचारलं.

"एवढी मोठी कंपनी पैसा कुठे घालायचा ते हिला विचारते," वडील म्हणाले.

"आणि हिला स्वतःची छत्री कुठे घातली ते आठवत नाही," आई म्हणाली.

हसण्यावारी गेलं खरं, पण दशांशला हसू आलं नाही. ही जागा गेली तर आपल्याला दुसरी मिळेल, पण वडिलांना त्याच बसमधून त्याच लोकांसमोरून रोज जावं लागेल. तिला धास्ती होती ती त्याचीच.

कंपनी काचेच्या बाटल्या करायची. दशांशचं टेबल ऑफिसच्या वरच्या मजल्यावर, आणि कारखाना मागच्या भिंतीपलीकडे दोनशे पावलांवर. सहा महिन्यांत ती दोनशे पावलं काही तिच्याकडून चालून झाली नाहीत. गरजच काय होती? सगळा कारखाना तिच्या स्क्रीनवर होता. विक्रीचा आलेख चढायचा, उतरायचा. वर्षातले तीन महिने तर पार झोपायचा. भट्टीच्या गॅसचा आलेख मात्र रेघ ओढल्यासारखा सरळ. मागणी असो नसो, सुट्टी असो, सण असो, गॅस जळतोय तेवढाच. ही उधळपट्टी कुणाच्याच डोळ्यावर येऊ नये याचं तिला नवल वाटलं. मंदीचे तीन महिने भट्टी बंद ठेवावी, असं तिने मांडलं. बचत वर्षाला चार कोटी, आणि दशांशचिन्हापुढे आणखी दोन आकडे. तिच्या खात्याचे मॅनेजरसाहेब खूश होऊन खुर्चीतून उठलेच. सादरीकरणाच्या दिवशी सकाळी त्यांनी तो आकडा मोठ्या बाईंना ई-मेलने कळवूनही टाकला.

सादरीकरण अडीचला होतं. बारा वाजता दशांशला वाटलं, शेवटच्या पानावर भट्टीचा एक फोटो हवा. एवढ्यासाठी ती खाली उतरली.

फोन रखवालदाराने दारावरच काढून घेतला. आलोच आहोत तर बघून तरी जाऊ, म्हणून ती आत गेली. लोखंडी जिना चढताना घरघर आधी पायांना जाणवली, मग कानांना. वर पोचताच तोंडावर अशी धग आली की ती एक पायरी मागे सरली. भट्टीवाले काका तिथे निवांत उभे होते. त्यांनी लाकडी चौकटीतली निळी काच तिच्या हातात दिली आणि भिंतीतल्या मुठीएवढ्या झरोक्याकडे बोट केलं.

"यातून बघा, मॅडम. नुसत्या डोळ्यांनी नको."

तिला वाटलं होतं, आत जाळ असेल. आत तळं होतं. काचेचं, पांढरंपिवळं, संथ तळं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि कुठे कणभर सावली नव्हती. एका बाजूने वाळूचे ढीग तरंगत येत होते आणि चहात साखर विरावी तसे विरून जात होते. ती श्वास घ्यायची विसरली. मग काकांनी तिला खालची बाजू दाखवली. लाल थेंब ओघळायचा, कात्री त्याला तोडायची, थेंब साच्यात पडायचा आणि बाहेर बाटली यायची, अजून आतून लाल. डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच पुढची. जन्मभर बाटलीतून पाणी प्यायली होती ती, पण बाटली पहिल्यांदा त्या दिवशी पाहिली.

"काका, ही बंद कधी करता?" तिने विचारलं.

घरघरीत आपण नीट ऐकलं की नाही, अशी काकांना शंका आली असावी. तिने पुन्हा विचारलं.

"बंद कशी करणार? विझली की आतली काच दगड होते. विटा फुटतात. मग ती पेटवायची नाही, फोडायची. नवीच बांधायची."

"पेटवून किती दिवस झाले?"

"दिवस नाही, बाळ. अकरा वर्षं."

'मॅडम'चं 'बाळ' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. काकांनी कपाट उघडलं. आत वह्याच वह्या. दर तासाला तापमान आणि पुढे सही. दशांशने आपल्या दहावीच्या निकालाची तारीख काढली. घरी पेढ्यांवरून आईवडिलांचं भांडण झालेला तो दिवस. इथे चोवीस नोंदी, चोवीस सह्या. आणखी एक पान उलटलं, तर सकाळच्या सहा सह्या काकांच्या.

"त्या दिवशी मुलीचं लग्न होतं माझ्या," काका म्हणाले. "पाळी करून गेलो."

दशांशच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धगीने नव्हे. ज्या रेषेला ती बेपर्वाई समजत होती ती ही होती. अकरा वर्षं एकही तास कुणी नजर हटवली नव्हती, म्हणून ती सरळ होती. आणि आपण वर बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो.

मग तिला ई-मेल आठवला, आणि ती जिन्याकडे धावली.

अडीच वाजता मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "चार कोटींची बचत तुझीच ना? सांग."

"बचत शून्य आहे," दशांश म्हणाली. "भट्टी बंद केली तर ती मरते. मला हे आज दुपारी कळलं. त्याआधी मी ती पाहिलीच नव्हती."

मॅनेजरसाहेबांचा चेहरा उतरला, पण माणूस सरळ होता. "आकडा मी पाठवला, मॅडम," ते म्हणाले. "मीही पाहिलेली नाही."

मोठ्या बाईंनी पेन मिटलं. "भट्टीच्या बांधकामाच्या कागदांवर माझी सही आहे. तेव्हा नुसता खड्डा होता. पेटल्यावर मीही आले नाही. चला."

आठ पदवीधर, मॅनेजरसाहेब आणि बाई अशी वरात जिना चढली. बाई निळ्या काचेतून इतका वेळ पाहत राहिल्या की मागची रांग चुळबुळू लागली.

"अजून किती वर्षं?" त्यांनी काकांना विचारलं.

"नीट सांभाळली तर तीन."

"म्हणजे तीन वर्षांनी नवी बांधायची, आणि त्याची तयारी आजपासून." बाई दशांशकडे वळल्या. "पुढचे सहा महिने हे काम तुझं. इथे बसून करायचं."

दशांशने मान डोलावली. काकांनी घड्याळ पाहिलं, तीन वाजले होते. त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली आणि तापमानाच्या काट्याकडे बोट केलं.

"पंधराशे आठ," तिने वाचलं. "पुढे दशांश?"

"ते नको. सही तेवढी नीट कर," काका म्हणाले. "चार वाजता येणारा आधी ती बघतो, मग भट्टी."