गोमतीबाईची चूल

"सुलतानबी, इस्तो दे वं जरासा," रामकिसन कुडाच्या पलीकडून हळूच म्हणाला. हातात फुटकी खापरी आणि चेहरा चोराचा.

शेजारच्या सुलतानबीचा झाडू थांबला. सकाळच्या पारी विस्तव मागायला आसेगावात बाया येत, पोरीसोरी येत. पांढऱ्या मिशांचा गाडीवान कधी आला नव्हता.

"काहून भाऊ? गोमतीबाईची चूल इझली? चाळीस सालात कधी इझली नाही थे!"

"तिनं नाही, म्या इझवली. बोंबलू नको."

झालं होतं असं. दोन वर्षांपासून गोमतीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भाकरी ती हाताच्या अंदाजाने थापायची, पण चुलीला पडलेल्या भेगा, उतू गेलेलं वरण, साचलेली राख तिला दिसत नसे. रिसोडला दिलेली लेक हेमला मागच्या खेपेला ती चूल पाहून कडाडली होती, "आता बास. पुढच्या टायमाले मी मायले घेऊन जातो. पदर पेटंन एखांद्या दिवशी!" लेकीच्या घरी जाऊन राहणं रामकिसनला मेल्याहून मेल्यासारखं. म्हणजे म्हातारी तिकडे आणि म्हातारा इकडे.

म्हणून महिनाभर तो बायकोच्या आधी उठून गुपचूप चूल नीटनेटकी करत होता. वरवरची राख काढायची, गढीची पांढरी माती शेणात कालवून भेगा बुजवायच्या, वरून पोतेरं फिरवायचं. काल दिवेलागणीला हेमला आली. सकाळी ती उजेडात चूल बघणार म्हणून पठ्ठ्याने आज गोठा झाडावा तशी चूल झाडली, राखेचा कण ठेवला नाही. त्या राखेत गोमतीबाई रोज रात्री निखारा पुरून ठेवते, हे जन्मभर बैल हाकणाऱ्याला काय ठाऊक? ओल्या उकिरड्यावर राख ओतली, चर्र झालं, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

खापरी घेऊन तो घरात शिरला, तर मायलेकी चुलीपुढेच बसलेल्या.

"पाह्यलं बा?" हेमला म्हणाली. "आता इस्तोही राखता येत नाही इले. मी काय म्हनत होती?"

गोमतीबाई खाली मान घालून थंड चूल चाचपत होती. रामकिसनला ते पाहवलं नाही. अब्रू गेली खड्ड्यात, असं त्याने मनाशी म्हटलं.

"तिची चूक नाही, पोरी. राख म्या फेकली. महिना झाला, चूल मीच पोतारून राह्यलो."

"महिन्यावर चार दिवस झाले," गोमतीबाई म्हणाली.

रामकिसनने खापरी खाली ठेवली. "तुले मालूम होतं?"

"डोये गेले, हात नाही गेले. बैलाले खरारा केल्यावानी तुमचं पोतेरं. सारे वळ हाताले लागतात."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती त तुमी लाजून सोडलं असतं." तिने चुलीवरून हात फिरवला. "मले चांगलं वाटे."

हेमलाने डोळ्यांना पदर लावला. मघाशी तिने आईची दोन लुगडी आपल्या गाठोड्यात घातली होती. ती काढून तिने पुन्हा दांडीवर टाकली.

गोमतीबाईने नवऱ्याचं मनगट धरून चुलीच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. "हा कोपरा झाडाचा नाही. रातच्याले निखारा इथं पुराचा, वर राख दाबाची." मग ती चुलीपुढून उठली आणि भिंतीशी जाऊन बसली. ती जागा तिने सासूनंतर कुणालाच दिली नव्हती. "बसा तिथं," ती म्हणाली. "वली हाय चूल, जाळ बारीक ठेवा."

रामकिसनने खापरीतल्या विस्तवाने चूल पेटवली आणि भाकरी थापली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटकी. हेमला मदतीला सरसावली, पण आईने तिचा हात घट्ट धरून ठेवला. भाकरी जरा करपलीच. त्याने ती थाळीत घातली, वर मिरचीचा ठेचा वाढला आणि थाळी बायकोपुढे सरकवली.

"तुमच्या आंधी?" गोमतीबाईने विचारलं.

"हौ. गरम हाय तवरोक खाय."

लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या आधी तिने कधी घास घेतला नव्हता. ती भिंतीकडे वळून बसली, पदर पुढे ओढला आणि भाकरीचा तुकडा मोडला.