खूण माझ्या तळव्याखाली होती

मित्रांनो, मी टेनिसचा एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. माझा जोडीदार, डावा, इथेच शेजारी बसलाय. पण त्याला यात ओढू नका, तो बिचारा निर्दोष आहे. जे झालं ते माझ्या तळव्याखाली झालं.

माझा जन्म कारखान्यातला. तांबड्या मातीच्या कोर्टासाठी मला बनवलं, म्हणून तळव्याला माशाच्या काट्यासारखी नक्षी. त्या मातीवर खेळाडू चेंडूमागे चक्क घसरत जातो, आणि हवं तिथे त्याला थांबवायचं काम आमचं. पहिल्याच दिवशी माझ्या मालकाने मला थोपटलं आणि म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! पकड म्हणजे पकड!" झालं! मी हवेतच. त्या पकडीचा मला किती गर्व होता, ते आता आठवलं की शरम वाटते.

मालक व्यावसायिक खेळाडू, पण टीव्हीवर दिसणाऱ्यांपैकी नव्हे. वर्षभर या शहरातून त्या शहरात. विमानतळाच्या खुर्चीवर झोपायचं, हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुवायचे, आणि प्रत्येक मोठ्या स्पर्धेत शिरण्याआधी पात्रता फेऱ्यांमध्ये घाम गाळायचा. त्याच्याबरोबर खोलीत एक डावखुरा खेळाडू राहायचा. सगळे त्याला डावऱ्या म्हणत, आणि तो मालकाला लंब्या म्हणायचा. दोघांत मिळून एक इस्त्री, एक दाढीचा साबण, आणि भांडण काय ते खिडकीजवळच्या पलंगावरून.

डावऱ्याच्या थोरल्या भावाचं काच कापायचं दुकान होतं. "दादाला शब्द दिलाय," तो म्हणायचा. "या मोसमात एकदा तरी मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचलो, तर पुढे खेळेन. नाहीतर रॅकेट खुंटीला आणि मी दुकानात."

मोसम सरत आला, तरी डावऱ्याचा योग काही येईना. शेवटची मोठी स्पर्धा मातीवरची होती. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत समोरासमोर आले कोण? हेच दोघे! जिंकेल तो मुख्य फेरीत.

सामना असा रंगला की विचारू नका. शेवटी डावऱ्याला जिंकायला एक गुण हवा होता, फक्त एक. त्याने चेंडू मागच्या कोपऱ्यात मारला. मालक जिवाच्या आकांताने धावला, घसरला, पण रॅकेट काही पोचली नाही. मी मात्र थांबलो. नेमका चेंडूच्या ताज्या खुणेवर.

मातीवर चेंडू पडला की त्याची खूण उमटते. ही खूण रेषेवर होती. म्हणजे चेंडू आत पडला होता आणि डावऱ्या जिंकला होता. मी तिच्यावरच उभा होतो, मला कळणार नाही तर कोणाला?

"बाहेर!" मालक ओरडला. घाईत ओरडला असं म्हणू या. इथपर्यंत माफ करता आलं असतं.

रेषांवर वेगळे पंच नव्हते. उंच खुर्चीवरचे एकटे पंच खाली उतरून आले. "खूण कुठली?" शेजारीच रेषेच्या बाहेर, बोटभर अंतरावर एक जुनी खूण होती. मालकाने रॅकेटच्या टोकाने तिच्याभोवती गोल काढला. "ही."

दुसऱ्याच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, असा नियम असतो. म्हणून डावऱ्या नेटपाशीच उभा राहिला. तिथूनच त्याने विचारलं, "नक्की हीच ना रे, लंब्या?"

"हीच."

माझ्या आत मालकाची बोटं आखडली होती. मित्रांनो, मी तेव्हा जरासा सरकलो असतो तर? पण मी कसला सरकतोय! पकड म्हणजे पकड! पंच बघून परत खुर्चीवर बसले, तरी मी जागचा हललो नाही.

तो गुण मालकाला गेला, आणि मग सामनाही.

खोलीवर डावऱ्याने गुपचूप बॅग भरली. निघताना रॅकेटच्या मुठीला गुंडाळायची एक नवी पट्टी त्याने मालकाच्या पलंगावर ठेवली. "तुला घाम फार येतो. उद्या लागेल. आणि जिंक, गाढवा." मालक मान खाली घालून माझी नाडी सोडत बसला. नाडी केव्हाचीच सुटली होती.

दुसऱ्या दिवशी तो सपशेल हरला. ती पट्टी त्याने पिशवीतून काढलीसुद्धा नाही.

खरं तर आमचं आयुष्य ते किती! झिजलो की कचऱ्यात. पण मला त्याने टाकलं नाही आणि घातलंही नाही. पिशवीच्या तळाशी घालून उरलेल्या छोट्या स्पर्धांना गावोगाव फिरवलं. सामन्यात चेंडू रेषेजवळ पडला की तो आपणहून "आत, आत" म्हणून गुण देऊन टाकायचा, बाहेर पडलेलासुद्धा. बाकीचे खेळाडू हसायचे, "आला कर्णाचा अवतार!" पण ज्याचं देणं होतं, त्याला कुठे काय मिळत होतं?

मोसम संपल्यावर आम्ही घरी आलो. आईने पिशवी उपसली आणि मला नळाखाली धरायला निघाली. "आई, नको! राहू दे ती माती!" मालक किंचाळलाच.

"अरे, घरभर सांडतेय! सोनं लागलंय का तिला?"

त्याने मला पिशवीत कोंबलं आणि तडक काचेचं दुकान गाठलं.

डावऱ्या टेबलावर वाकून काचेवर रेघ ओढत होता. मालकाने मला त्याच्यासमोर ठेवलं. "खरी खूण याच्याखाली होती. चेंडू रेषेवर पडला होता. मी खोटं बोललो."

डावऱ्याने रेघ पूर्ण केली. "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"अरे, दोन चेंडूंच्या मध्ये तू कधी एका जागी उभा राहिलायस? अंगावर मुंग्या चढल्यासारखा नाचत असतोस. त्या दिवशी पंच येऊन गेले, तरी तुझा उजवा पाय हलला नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू उचलशील म्हणून थांबलो होतो."

मालकाचे डोळे भरून आले. "आणि वर ती पट्टी दिलीस?"

"घाम खरंच येतो तुला." डावऱ्याने काच टेबलाच्या कडेवर दाबली, ती रेघेवर सरळ तुटली. मग त्याने हळूच विचारलं, "चांगला मारला होता ना रे मी?"

"सबंध मोसमात तसा फटका कुणी मारला नाही."

"मग तेवढं त्या दिवशी सांगायचं होतंस." एवढं बोलून तो दुसरी काच घ्यायला आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मित्रांनो, आता आईने मला धुतलंय. बुटांची निगा राखा, माती झटका, सावलीत वाळवा. हे मी सांगायलाच हवं. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. आपल्या पायाखाली दुसऱ्याचं काही आलंय असं कळलं, तर पाय लगेच उचला. आम्हा बुटांना तो आपणहून उचलता येत नाही.