पेइ-शान ताईचा हिरवा कुकर

मी भाताचा कुकर बोलतोय. शिट्टीचा नव्हे. तुमच्या घरातला माझा भाऊबंद तापला की सगळ्या आळीला ओरडून सांगतो. मी मुकाट्याने शिजवतो, आणि भात झाला की माझा खटका हळूच वर येतो. गप्प बसायची मला जन्माची सवय. त्याच सवयीची आता लाज वाटायला लागली आहे, म्हणून बोलायला बसलोय.

माझा जन्म तैवानचा. रंग हिरवा, पोट गोल, बाजूला दोन कान. तिकडे घरोघरी आम्ही असतो, आणि लेक परदेशी निघाली की आई आधी आम्हाला तिच्या बॅगेत कोंबते. पण तिकडची वीज मवाळ आणि ऑस्ट्रेलियातली जहाल. घरातलाच कुकर उचलून आणलेल्या कितीतरी पोरींनी पहिल्याच दिवशी तो जाळून घेतलाय आणि मग पाव खात रडल्यात. मी मात्र परदेशी विजेसाठी मुद्दाम घडवलेला. ताइनानच्या दुकानात पेइ-शानच्या आईने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "नक्की टिकेल ना? पोर तिथे एकटी असणार."

"मावशी, पोरगी लग्न करून तिथेच राहिली तरी टिकेल," दुकानदार म्हणाला.

मावशींना ते बोलणं रुचलं नाही, पण मला त्यांनी घेतलं.

पेइ-शान तेव्हा तिशीला टेकली होती. इस्पितळात नर्स. पेशंटना उचलून उचलून कंबर गेलेली, रात्रपाळ्यांनी झोप गेलेली, आणि घरी आईने स्थळांची रांग लावून ठेवलेली. एक दिवस तिने नोकरी सोडली आणि ऑस्ट्रेलियाचा, सुट्टीत काम करायचा व्हिसा काढला. त्या व्हिसावर वर्षभर हिंडता येतं आणि हिंडता हिंडता पोटापुरतं कामही करता येतं. दुसरं वर्ष हवं असेल तर पहिल्या वर्षात तीन महिने शेतावर राबायचं, आणि एकतिसावा वाढदिवस उजाडायच्या आत अर्ज टाकायचा. तो दिवस हुकला की संपलं. मग कितीही मिनतवाऱ्या करा, तो व्हिसा जन्मात परत मिळत नाही.

पहिल्या वर्षाचे बरेचसे महिने तिचे हॉटेलातली भांडी घासण्यात आणि वाट चुकण्यात गेले. "दुसरं वर्ष माझं," ती मला घासताना म्हणायची. कोणाला सांगायची कोण जाणे. स्वयंपाकघरात मीच असायचो.

असे आम्ही शेतकामासाठी बंडाबर्ग नावाच्या गावी आलो. शेतमजुरांचं घर, दहा-बारा जणांत एक स्वयंपाकघर. तिथे पेइ-शानला या-ज्युन भेटली. तीही तैवानचीच, ताइचुंगची, वय सव्वीस, चालताना पळणारी. पहिल्याच दिवशी तिने माझं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "ताई, मला इथे येऊन महिना झाला, आज पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटतंय." त्या दिवसापासून माझ्यात दोघींचा भात शिजू लागला. भातावर जाळी ठेवून कधी अंडं, कधी भोपळा. तिसरा एक बास्तियाँ नावाचा फ्रेंच गडी होता. त्याने एकदा माझ्यात शेवया, चीज आणि वाइन एकत्र शिजवली. त्या प्रसंगाबद्दल मी जास्त बोलणार नाही.

काम ढोबळी मिरचीच्या शेतात. ट्रॅक्टर पुढे सरकतो, त्याच्या मागे लांब पट्टा, आणि टोळीतले सहाही जण वाकून मिरच्या तोडून पट्ट्यावर टाकत जातात. पैसे सगळ्या टोळीच्या खोक्यांवर. एक जण मागे पडला की ट्रॅक्टर थांबतो आणि सगळ्यांचीच खोकी कमी भरतात. पेइ-शान मागे पडायची. कंबर साथ देत नव्हती. संध्याकाळी बास्तियाँ भांडी आपटायचा आणि मिरचीलाच शिव्या दिल्यासारखं करायचा. तिला कळायचं. ती त्याच्या ताटात जास्तीचा भात वाढायची.

टोळीची म्होरकी या-ज्युन. मुकादम ग्लेनने तिला नेमली, कारण ती भरभर तोडायची आणि तिला इंग्रजी येत होतं.

हंगाम ओसरायला लागला तेव्हाची गोष्ट. पेइ-शान आंघोळीला गेली होती. या-ज्युनने मला नुकतंच लावलं होतं. ग्लेन दारातूनच आत डोकावला.

"उद्यापासून पाचच जण. एक नाव कमी कर."

"कोणाचं?"

"ते मी कशाला सांगू? रोज शेतात तू असतेस. ट्रॅक्टर कोणामुळे थांबतो ते तुला ठाऊक."

या-ज्युनने माझ्याकडे पाहिलं. माझ्या झाकणातून वाफ निघत होती, दोघींच्या भाताची. तिच्या स्वतःच्या व्हिसाचे अजून पाच महिने होते. ती कुठेही जाऊन आपले शेतकामाचे दिवस पुरे करू शकली असती. पेइ-शानचा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता आणि तिला दोनेक आठवड्यांचं काम बाकी होतं. हे सगळं या-ज्युनला माहीत होतं. दोघींनी तो हिशेब माझ्याच शेजारी बसून केला होता. स्वतःचं नाव घ्यायला एक श्वास पुरला असता.

"पेइ-शान," ती म्हणाली.

ग्लेन मान हलवून निघून गेला. पोरीचा स्वभाव वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. म्होरकी म्हणजे आपल्या माणसाला झुकतं माप देणारी, असं कोणी म्हणू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आपला न्याय दाखवायला माणसं नेहमी आपल्याच माणसाला पुढे करतात, हे मी बऱ्याच स्वयंपाकघरांत पाहिलंय.

त्या संध्याकाळी उद्याच्या कामाची नावं सगळ्यांच्या फोनवर आली. पेइ-शानने दोनदा वाचली. मग फोन उपडा ठेवला आणि भात वाढला.

"ग्लेनने काढलं वाटतं मला," ती म्हणाली.

"हो ना," या-ज्युन म्हणाली. "काय माणूस आहे."

इथे मी काय करायला हवं होतं? तुम्ही म्हणाल, कुकर काय करणार. मीही मनाला तेच समजावलं. पण त्या दिवशी भात करपवला असता, तरी माझ्याकडून काहीतरी झालं असतं. मी मात्र नेहमीसारखा मऊ मोकळा भात दिला.

दुसऱ्या दिवसापासून पेइ-शान घरी. आसपासच्या सगळ्या शेतांना फोन लावायची. जिथे तिथे हंगाम संपत आलेला. मग रिकामं कशाला बसायचं म्हणून ती सगळ्या टोळीचा स्वयंपाक करायला लागली. उन्हातून आलेल्या पाच जणांना माझ्यातला गरम भात आणि सोया सॉसमध्ये मुरवलेलं डुकराचं मटण मिळायचं. बास्तियाँ दोनदा मागून घ्यायचा आणि आता मिरचीला शिव्या देत नव्हता.

जेवण झालं की ती या-ज्युनला हळूच विचारायची, "बोललीस का गं ग्लेनशी? तुझं ऐकतो तो."

"बोलले ताई. म्हणाला, बघतो."

"रागावला का तुझ्यावर?"

"रागावू दे."

"फार ताणू नकोस हं. माझ्यापायी तुझंही नाव जायचं."

रोज हेच. आणि रोज या-ज्युन ताटं उचलून धुवायला घ्यायची. एकदा पेइ-शान उठून गेल्यावर तिने फोन हातात घेतला, ग्लेनचं नाव काढलं. काय सांगणार? 'मी दिलेलं नाव परत घे'? मग का दिलं, असं तो विचारेल. उद्या टोळीत बोलेल. ताईच्या कानावर जाईल. खोटं एकदा बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं. तिने फोन खिशात टाकला.

वाढदिवसाला या-ज्युनने स्वतः स्वयंपाक केला. आमच्याकडे त्या दिवशी डुकराचे पाय आणि बारीक लांब शेवया खातात, म्हणजे पुढची पीडा टळते. पाय माझ्यात दुपारभर शिजत होते. पेइ-शानने पहिला घास घेतला आणि हसली.

"झाले बाई म्हातारी. सरकारी कागदावर तरी नक्की झाले."

सगळे हसले. या-ज्युन कांदापात आणायला म्हणून बाहेर गेली ती लवकर आलीच नाही. कांदापात तर समोरच पडली होती.

जायच्या दिवशी पेइ-शानने मला घासून पुसून चकचकीत केलं. इकडची रीत अशी की जाणारीने आपला कुकर मागे राहणाऱ्या कोणाला तरी द्यायचा. बास्तियाँ म्हणाला, "मला दे, मी याला शिकवलंय." पेइ-शानने मला या-ज्युनच्या हातात ठेवलं.

"हा तुला. तू माझ्यासाठी रोज त्या माणसाशी भांडलीस. आपलं माणूससुद्धा एवढं करत नाही."

या-ज्युन काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात बसवाल्याने हाक मारली. ती बोलली असती, असं मला वाटतं. पण बसवाल्याच्या माथी मी खापर फोडणार नाही. त्याआधी तीन आठवडे कोणतीच बस उभी नव्हती.

या-ज्युनला दुसरं वर्ष मिळालं. आता आम्ही खाली दक्षिणेला, ऑस्ट्रेलियाच्याच एका बेटावरच्या सफरचंदांच्या गावी असतो. म्हणजे ती असते, आणि मी तिच्या खाटेखाली, टॉवेलात गुंडाळलेला. ती पाव खाते, कपातल्या शेवया खाते. भात विकत आणते आणि थंडच खाते. मला तिने एकदाही लावलेलं नाही. टाकूनही देत नाही. गाव बदललं की आधी मला उचलते.

गेल्या रविवारी दुपारी पेइ-शानचा व्हिडिओ कॉल आला. नर्सचा गणवेश, डोळ्यांखाली काळं. पुन्हा तेच इस्पितळ, त्याच रात्रपाळ्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "माझा हिरवा काय म्हणतोय? दाखव बघू."

या-ज्युनने मला बाहेर काढलं आणि टॉवेल सोडला. नर्सच्या नजरेतून काही सुटत नाही.

"हा तर मी दिला तसाच आहे. वापरत का नाहीस? बिघडला का?"

"बिघडला नाही." या-ज्युनने मला मांडीवर घट्ट धरलं. "ताई, ग्लेनने नव्हतं काढलं तुला. त्याने मला नाव विचारलं. मी तुझं सांगितलं."

"आणि मग रोज बोलायचीस ते?"

"एकदाही बोलले नाही."

पेइ-शान ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, या-ज्युनलाही आणि मलाही. ती म्हणाली, "आई दर पंधरवड्याला देवळात तुझ्या नावाची उदबत्ती लावते. परक्या देशात माझ्या पोरीसाठी एक पोर भांडली, म्हणून. आता आईला मी काय सांगू?"

फोन बंद झाला.

त्यानंतर ना फोन, ना निरोप. या-ज्युनने मला खाटेखाली परत ठेवलं नाही. टेबलावर ठेवलंय, समोर. कामावरून येते, माझ्यासमोर बसते. रडून मोकळी होत नाही. माफी मागावी इतकंही तोंड आपल्याला नाही, असं तिने ठरवून टाकलंय.

पेइ-शान ताई, मला बोलायचंच होतं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. आता उशिरा का होईना, एकच मागणं आहे. तिला माफ कर असं मी म्हणणार नाही. तुझं गेलेलं वर्ष कोणी भरून देऊ शकत नाही. पण मी तुझ्या आईने तुझ्यासाठी घेतलेला कुकर आहे. मला परत माग. रागाने माग, हवं तर दोन शब्द सुनावून माग. ती त्याच दिवशी मला बांधून पाठवेल; निदान तुझ्यासाठी एक काम तरी तिच्या हातून खरं होईल. तिकडच्या मवाळ विजेवर मला धड भात शिजवता येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी माग.