तीनदा धुतलेला डबा

मामांनी चूक कबूल केली ती उभं राहून, सगळ्यांदेखत, हात जोडून. आणि चूक मामांची नव्हतीच. कोणाची होती ते त्या खोलीत एकटीला माहीत होतं, आणि ती एकटी तोंडात गुळणी धरून बसली होती.

तिचं खरं नाव कागदोपत्री असतं. घरचे तिला भिंगरी म्हणतात, कारण ही बया लहानपणापासून एका जागी म्हणून टिकली नाही. वडिलांच्या मागे लाकडी चमच्यांचा कारखाना तिने हातात घेतला. कारखाना म्हणजे काय, तर तीन खोल्या, माल सुकवायला एक पत्र्याची शेड आणि बारा माणसं. त्या बारांतले सगळ्यात जुने मामा, तिच्या आईचे सख्खे भाऊ, वय अडुसष्ट. चमच्यांना तेल लावायचं काम त्यांचं. जवसाच्या तेलात मेण वितळवून ते फडक्याने असं काही चोळायचे, की चमचा हातात घेणाऱ्याला खाली ठेववू नये.

पण घेणारा हवा ना! इथल्या बाजारात लाकडी चमच्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. भिंगरीने मग परदेशातलं एक दुकान गाठलं. जमिनीला, पाण्याला, झाडाला ज्याचा त्रास नाही असाच माल ते ठेवायचे आणि त्याला इथल्या चौपट भाव द्यायचे. अर्थात फुकट काही मिळत नाही. झाड कुठलं, तोडलं कोणी, त्या जागी नवं लावलं का, सगळ्याचा पुरावा हवा. खोक्यावर प्लास्टिकची पट्टी चालणार नाही. चमच्याला तेल आणि मेण, तिसरी वस्तू लावायची नाही. त्यांनी कागद इतके मागवले की त्यापायी एखादं झाड नक्की आडवं झालं असेल, असं मामा म्हणायचे. भिंगरीने मात्र एकेक कागद जमवला. एवढ्याशा कारखान्याला एवढा मोठा दरवाजा उघडतोय म्हटल्यावर तिची झोपच उडाली होती.

अडलं ते तेलापाशी. जवसाचं तेल सुकायला आठ-दहा दिवस घेतं, आणि त्या वर्षी आभाळ भरलेलं, हवा दमट. जहाजाची तारीख चार दिवसांवर आली तरी शेवटच्या आठशे चमच्यांना तेल लावायचं राहिलं होतं. तारीख चुकली की सौदा मोडला, हे करारात स्पष्ट होतं. भिंगरी रंगाच्या दुकानात गेली आणि तेल झटपट सुकवणारं औषध घेऊन आली. दारं-खिडक्या रंगवणारे ते सर्रास वापरतात. दुपारी सगळे अंगणात जेवायला बसले असताना तिने मामांच्या डब्यात चार झाकणं ओतली. एवढ्याशाने काय होतंय, असं ती स्वतःशी म्हणाली. असं म्हणूनच तर माणूस सगळं करत असतो.

चमचे दोन दिवसांत खणखणीत सुकले. या खेपेला तेलाला अक्कल आली म्हणून मामा खूश. माल वेळेवर गेला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. काही चमच्यांमध्ये, तोंडात जाणाऱ्या वस्तूत असू नये असा धातू त्यांच्या प्रयोगशाळेला सापडला होता, जुन्या रंगात आणि तेल सुकवायच्या औषधात असतो तसला. सगळा माल त्यांनी बाजूला काढला होता. पत्रात एक शब्द वाकडा नव्हता, आणि तेच भिंगरीला जास्त लागलं. कारण शोधा, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलंत तेही कळवा, मग पुढचं बोलू, एवढंच लिहिलं होतं.

तिने सगळ्यांना बोलावून पत्र वाचून दाखवलं. खरं सांगायचं ठरवूनच बोलावलं होतं, असं ती आजही म्हणते. कोण जाणे. ती पुढे बोलायच्या आत मामा उठून उभे राहिले.

नेहमीचा डबा गळायला लागला होता, म्हणून त्यांनी फळीवरचा दुसरा घेतला होता. त्यात कधीकाळी दाराचा रंग असायचा. गरम पाणी आणि सोडा घालून तो तीनदा धुतला होता, दिवसभर वाऱ्याला पालथा घातला होता. "तीनदा धुतला असं मला तरी आठवतंय," मामा म्हणाले.

आणि मग भिंगरीने अगदी हळू, काळजीच्या आवाजात विचारलं, "नक्की तीनदा ना, मामा?"

हा प्रश्न तिला कोणी विचारायला लावला नव्हता. नुसती गप्प बसली असती तरी एक वेळ चाललं असतं. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मनाशी काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "नसेन धुतला," ते म्हणाले. "धुतला असता तर असं झालंच नसतं." आणि त्यांनी हात जोडले.

परदेशी पाठवायच्या फॉर्मात कारणासाठी एक रकाना होता, उपायासाठी एक. पहिल्यात तिने लिहिलं, जुना डबा नीट धुतला गेला नाही. दुसऱ्यात लिहिलं, चूक स्वतः कबूल केलेल्या माणसाला तेलाच्या कामावरून काढलं. उत्तर आठवड्यात आलं. इतक्या मोकळेपणाने चूक सांगणारे फार थोडे भेटतात, आम्हाला तुमच्याबरोबरच काम करायचंय, तीन महिन्यांत आमची तपासनीस येईल, तोवर नवा माल तयार ठेवा. आधीच्या दुप्पट माल! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर चोराच्या पाठीवर शाबासकी.

मामा कागदात चमचे गुंडाळायच्या टेबलावर बसू लागले. कामाचा त्यांनी कमीपणा मानला नाही. पण सहा-सहाचा जुडगा ते चार-चारदा मोजायचे, आणि तरी शेजारच्या बाईपुढे सरकवून म्हणायचे, जरा बघ गं, सहाच आहेत ना. घरी निघाले की अर्ध्या वाटेवरून परत यायचे, दिवा मालवला का बघायला. दिवा मालवलेला असायचा.

भिंगरीला कळत होतं हे कुठून आलं. थोरल्या मामांचं असंच झालं होतं. आधी किल्ल्या विसरले, मग दिवस, मग माणसं. शेवटची दोन वर्षं ते स्वतःच्याच घरात बसून घरी सोडा म्हणायचे. त्यांचं सगळं या धाकट्या भावाने हाताने केलं होतं. आता त्याला वाटत होतं, आपली पाळी आली.

मामी एकदा कारखान्यात आल्या आणि भिंगरीला बाजूला घेऊन म्हणाल्या, ह्यांनी किल्ल्या माझ्याकडे दिल्यात. नातीला शाळेतून आणायला जाणंही सोडलंय. म्हणतात, पोरीला वाटेत कुठे विसरून आलो तर! सांगताना मामी हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसत बसल्या. भिंगरीने त्यांना पाणी दिलं. दुसरं देण्यासारखं तिच्याजवळ होतं, ते काही दिलं नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. तिने मामांचा पगार वाढवला. बसायला गादीची खुर्ची आणली. मोठ्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेली. डॉक्टरांनी मामांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि म्हणाले, आजोबा, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे. बाहेर आल्यावर मामा चप्पल घालता घालता म्हणाले, "डॉक्टर शहाणा आहे गं. पण त्याला तो डबा कुठे माहीत आहे?" भिंगरी शेजारीच उभी होती. तिला माहीत होता. ती रिक्षा बघायला पुढे गेली.

सांगायला ती दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेली. दोन्ही वेळा कारखान्यावर चालणारी बारा घरं आठवून मागे फिरली. बारा घरं म्हणजे मोठी सोयीची गोष्ट, केव्हाही आडोशाला उभी करता येते.

तपासनीस बाई आली ती एका सकाळी, एकटीच, पाठीला पिशवी लावून. उंच, कमी बोलणारी. तिने शेड पाहिली, तेलाचे डबे उघडून पाहिले, लाकडाचे कागद ताडून पाहिले. सगळं नीट होतं. मग ती म्हणाली, चूक स्वतः कबूल करणाऱ्या त्या गृहस्थांना भेटायचंय.

मामा हात पुसत आले. बाईने त्यांचा हात हातात घेतला आणि नेमकं काय झालं होतं ते विचारलं. भिंगरीने ते मराठीत सांगितलं. मामा म्हणाले, "त्यांना म्हणावं, पोरीचा काही दोष नाही. डोकं माझं चालेनासं झालंय, मी आता तेलाला हात लावत नाही. माल चांगला आहे, तेवढा बंद करू नका."

आता हे त्या भाषेत सांगायचं होतं. मामा वाट बघत होते, बाई वाट बघत होती. भिंगरीने तोंड उघडलं, आणि औषध मीच ओतलं, डबा स्वच्छ होता, यांचा काही संबंध नाही, असं सगळं सांगून मोकळी झाली. परक्या भाषेत ते इतकं सोपं गेलं की तिची तिलाच लाज वाटली. त्या भाषेत मामालाही शब्द नव्हता. काका, मामा, मावसा, सगळ्यांना मिळून एकच.

बाईने लिहिणं थांबवलं. मग सरळ सांगितलं, हे मला कळवावं लागेल. नवा माल थांबेल, सगळी तपासणी पहिल्यापासून होईल, त्यानंतरही घेतील की नाही सांगता येत नाही. आणि मामांकडे बघून विचारलं, यांना माहीत आहे?

भिंगरीने नाही म्हणून मान हलवली.

मग आधी त्यांना सांगा, बाई म्हणाली, मी थांबते.

मामा दोघींकडे आळीपाळीने बघत होते. माल बंद करतायत का गं, म्हणून विचारत होते. बाकीच्यांनीही हातातलं काम ठेवलं होतं. मराठीत भिंगरीला सुरुवातच सापडेना. हीच गोष्ट आत्ता, दोन मिनिटांपूर्वी तिने घडाघडा सांगितली होती.

"मामा, डबा तुम्ही धुतला होता," ती म्हणाली. "तेलात औषध मी घातलं. तुम्ही जेवायला बसला होतात तेव्हा. पत्र वाचलं तेव्हाही मला माहीत होतं."

मामा शेजारच्या खोक्यावर बसले.

"सोडा घातला होता मी," ते म्हणाले.

"घातला होता, मामा."

"तीनदा धुतला होता."

"हो."

मामांनी मान डोलावली. चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि भिंगरीला, त्या वेडीला, वाटलं की आपण सुटलो. तिने त्यांचा हात धरायला हात पुढे केला. मामांनी आपला हात मांडीवरून उचलून मागे घेतला.

"रोज जाग आली की मी आधी नावं घेतो," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मनातल्या मनात. तुझ्या मामीचं, पोरांचं, नातीचं. एखादं गेलं तर नाही ना, म्हणून. कधी नातीचंच अडकायचं, आणि मग मी घाबरून तसाच पडून राहायचो." मग त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुझं कधी अडकलं नाही."