ढीग बसतो

अंजनाबाईनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, मांडीवरच्या मोबाइलशेजारी ठेवला आणि अंगठा काचेवर टेकवला. वरून लांबडी पट्टी उतरत होती. अंगठा थरथरला, मग सरकला. पट्टी उभी झाली आणि कडेच्या फटीत जाऊन बसली. खालची ओळ लखलखून नाहीशी झाली.

"गेली वाकटी पेटीत," ती म्हणाली.

खेळातल्या तुकड्यांना तिनं मासळीबाजारातली आपलीच नावं ठेवली होती. लांबडी ती वाकटी, चौकोनी ती बर्फाची लादी, दोन्हीकडून मुडपलेली ती कोलंबी. सून विनिता पहिल्या दिवशी समजावायला बसली तेव्हा अंजनाबाईनं तिला मध्येच तोडलं होतं. "शाळेनं मला दुसरीपुढे ठेवून घेतलं नाही. पण पेटी भरायची आहे ना? मग पेटी तू मला शिकवू नको." चाळीस वर्षं तिनं पेट्याच भरल्या होत्या. खाली बर्फाचा चुरा, वर पापलेट, परत चुरा. फट ठेवायची नाही. फट राहिली की मासा हलतो, हलला की सालपटतो, आणि मग गिऱ्हाईक नाक मुरडतं.

मे महिन्यात माहुलहून घाटकोपरच्या बाजारात पोचल्यावर, पाटी उतरवता उतरवताच तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात जमिनीला लागला. हात मात्र पाहुण्यासारखा मांडीवर पडून राहिला. चेंबूरच्या व्यायामवाल्या मॅडमनी चेंडू दिला, चिमटे दिले, आणि शेवटी मुलाच्या, कृणालच्या, जुन्या मोबाइलवर हा खेळ घालून दिला.

"घड्याळाचा खेळ खेळायचा, आजी. दोन मिनिटं. तेवढ्यात ढीग वर पोचू दिला नाहीत, की समजा हात कोयता धरायला आला."

घड्याळाच्या खेळात अंजनाबाई अर्ध्या मिनिटात हरायची. पंधरा दिवस हरली. सोळाव्या दिवशी तिनं मोबाइल भिंतीवर फेकला. काचेचा एक कोपरा तडकला, आणि ती दोन दिवस अन्नाला शिवली नाही.

तिसऱ्या दिवशी विनिता तिला चेंबूरला घेऊन गेली. परत आल्यावर म्हणाली, "मॅडमनी खेळ बदललाय, आई. आता हा मोठा. यात घड्याळ नाही, दम लागतो. रोज मीच लावून देत जाईन. तुम्ही बाकीचं काही दाबू नका, सगळं पुसलं जाईल."

या मोठ्या खेळात अंजनाबाई एकदाही हरली नव्हती. ढीग चढत चढत वरच्या कडेला टेकायचा, तिचा श्वास अडकायचा, आणि नेमका तेव्हा ढीग खाली बसायचा. तिला त्याचं नवल वाटलं नाही. बर्फ वितळला की ढीग बसतोच. तिनं भरलेली कुठली पेटी बसली नव्हती?

नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले होते. त्यांच्या बाजाराची एक रीत होती. बाई आजारी पडली की शेजारीण तिच्या जागेवर तिची पाटी पालथी घालते. पालथ्या पाटीवर कुणी हक्क सांगत नाही. पण पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या, पहिला मासा आला, की त्या दिवशी पाटी सुलटी व्हायलाच हवी. बाईनं स्वतः करायची, नाहीतर ती ज्या बाईचं नाव घेईल तिनं; मग जागा तिची. अंजनाबाईची जागा सासूची होती, त्याआधी सासूच्या सासूची. पुढे विनिता. ती वांद्र्याला हापिसात कामाला, आणि लग्नाला सहा वर्षं झाली तरी तिला रावस आणि सुरमई बहिणीबहिणी वाटत.

दुपारी सुगंधा आली. बाजारात अंजनाबाईच्या शेजारी बसणारी; तिची पाटी पालथी घातली ती हिनंच. चपला काढायच्या आधीच तिचं तोंड सुरू झालं.

"आहेस ना गो जिवंत? म्हटलं, बघून यावं. पौर्णिमा आली."

"तुला जागा हवी म्हणून मी मरायची नाही."

"मला माझी पुरते. मनाली आहे ना, माझी भाची. नवरा टाकून गेलाय तिचा. पण तुझा शब्द आल्याशिवाय मी पाटीला बोट लावायची नाही. येते म्हणालीस तर जागा धुऊन ठेवते."

"धुऊन ठेव."

सुगंधानं तिच्या हाताकडे पाहिलं. "कोयता धरवतो?"

"हे बघ." अंजनाबाईनं मोबाइल पुढे केला. "दोन महिने खेळतेय. एकदा हरले नाही. पहिल्या दिवशी सुरमई मीच कापणार."

सुगंधा तिच्या खांद्याला खांदा लावून बसली. ढीग चढला, कडेला टेकला, खाली बसला. सुगंधा हसली नाही. अंजनाबाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"काय गो?"

"हा खेळ आमची रुचिका खेळायची, बालवाडीत असताना." सुगंधानं पदरानं उगाच गुडघा पुसला. "यात हरता येत नाही, अंजना. ढीग वर पोचला की मोबाइलच तो खाली घेतो. पोरं रडू नयेत म्हणून. हे बघ, मागे गेलं की चित्रं येतात. पानाचं चित्र तो तुझा, आरामाचा. हा घड्याळाचा. आणि ही दोन डोकी म्हणजे दोघींनी खेळायचा. एकीनं आपलं साफ केलं की कचरा दुसरीच्या डोक्यावर. आमच्या घरी मी आणि सून तो मोबाइलशिवाय खेळतो."

अंजनाबाईनं मोबाइल परत आपल्या मांडीवर ओढला.

"मला काय माहीत नाही?" ती म्हणाली. "विनिताला बरं वाटतं, म्हणून खेळते."

"असं होय," सुगंधा म्हणाली. चहा प्यायली. निघताना दारात थांबली. "मग धुऊ ना जागा?"

"एकदा सांगितलेलं कळत नाही?"

दार लागलं. अंजनाबाईनं घड्याळाचं चित्र दाबलं.

आकडे तिला वाचता येत. एकशे वीसवरून ते उतरायला लागले. वाकटी आली ती आडवी पडली. लादी फटीवर बसली आणि खाली पोकळी राहिली. तुकडे कुणी पाठीमागे लागल्यासारखे येत होते. अंगठा कळायच्या आधी तीन खाली पडलेले असत. नव्वदवर ढीग कडेला टेकला. ती थांबली. ढीग बसला नाही.

तिनं परत लावला. मग डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून लावला. अकरा वेळा लावला. एकदा पंच्याऐंशीपर्यंत पोचली, त्यापुढे नाही.

मग ती उठली. ओट्याखालून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कोयता काढला. उजव्या हाताची बोटं मुठीभोवती एकेक करून मिटवली, शेवटचं करंगळीचं. डावा हात काढून घेतला. कोयता फरशीवर पडला आणि फरशीचा टवका उडाला.

चेंबूरचा तो दिवस तिला आठवला. मॅडमनी विनिताला बाहेर बोलावून दार ओढून घेतलं होतं. रिक्षात विनिता सगळी वाट बाहेर बघत होती, आणि घरी आल्यावर न सांगता तिनं बोंबील तळले होते. कच्चे राहिले होते. अंजनाबाई तसं बोललीही होती.

कोयता परत गुंडाळायला तिला बराच वेळ लागला. गाठ दातांनी ओढावी लागली.

विनिता संध्याकाळी आली तोवर अंजनाबाईच्या जिभेवर सगळं तयार होतं. मला दूधपितं पोर समजलीस? कुणी सांगितलं होतं तुला? विनितानं खांद्यावरची पर्स न काढताच, खेळ लावून द्यायला, सवयीनं मोबाइल हातात घेतला. काचेवर घड्याळाचं चित्र तसंच होतं आणि त्याखाली अकरा आकडे. तिचा अंगठा थांबला. पाठमोरी होती ती. मानेवरचा घाम वाळून पांढरा झाला होता.

"कुणी आलं होतं, आई?"

"सुगंधा. चार चमचे साखर घेऊन गेली पोटात."

"काय म्हणाल्या?"

"म्हणायची काय. पौर्णिमा आली म्हणाली."

विनिता वळली. "मी रजा टाकते. पाटी मी सुलटी करते. तुम्ही शेजारी बसा, मला सांगत राहा—"

"तू मासा कापण्याआधी त्याला सॉरी म्हणशील."

विनिता हसली. हसताना तिनं खालचा ओठ दातांत धरला. तिची नजर फरशीच्या टवक्यावर गेली, ओट्याखाली गेली, परत आली.

"सुगंधाला फोन लाव," अंजनाबाई म्हणाली. "सांग, पाटी सुलटी कर. मनालीच्या हातानं."

"अजून चार दिवस आहेत, आई."

"लाव म्हणते ना."

विनितानं स्वतःचा फोन काढला. अंजनाबाईनं तोंड खिडकीकडे केलं. बाहेर रिफायनरीची चिमणी जळत होती.

"हो, मावशी. मनालीच... नाही, आईच म्हणाल्या... हो. इथंच बसल्यात." पलीकडून सासूसाठी काही निरोप आला असावा. मग ती म्हणाली, "सांगते."

फोन ठेवून ती निरोप सांगायला वळली.

"आता खेळ लाव," अंजनाबाई म्हणाली.

"कुठला?"

"कुठला म्हणजे? मोठा. मी काय दहा खेळ खेळते?"

विनितानं पानाचं चित्र दाबलं. मोबाइल सासूच्या मांडीवर ठेवला, तिचा उजवा हात उचलून शेजारी ठेवला, आणि पर्स खांद्याला तशीच अडकवून जमिनीवर बसली. वाकटी आली. लादी आली. अंगठा चुकला, परत चुकला. ढीग चढत गेला. विनिता खेळाकडे नाही, सासूच्या चेहऱ्याकडे बघत होती. ढीग वरच्या कडेला टेकला, दोघींनी श्वास धरला, आणि तो खाली बसला.

"बघ," अंजनाबाई म्हणाली. "आजसुद्धा हरले नाही."