खांदेमळणीचं लोणी

नामांतराच्या दंगलीनंतर गावानं आमच्या बौद्धवाड्याशी बोलणं टाकलं, तव्हा एकटी मालन बोलायची. तिची म्हैस आटलेली. म्हणून मी साय विरजून सकाळी रवी घुसळायची, वर आलेला लोण्याचा गोळा गार पाण्यात धुवायची अन् ताडकळसच्या बाजारातून घेतलेल्या पितळी वाटीत घालून तिच्या दारात नेऊन द्यायची. पुढं भेटली की ती म्हणायची, "चांगुणा, लेकरं बोटं चाटायलीत बघ." मी लय फुगायची. माझ्या पोरांपुढं ताक-भाकर ठेवायची अन् तिच्या पोरांसाठी लोणी राखायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वाटी आणायला गेले. गोठ्यात तिचा नवरा बन्सीधर खांदेमळणी करायलता. हळद कालवलेलं लोणी बैलाच्या खांद्याला चोळत होता अन् माझी वाटी त्याच्या पायापाशी होती.

मालन दारात उभी होती. मी विचारलं, "हे लेकरांसाठी दिलं होतं ना?"

ती खाली बघत म्हणाली, "घरात तुमच्या हातचं चालत न्हाई, चांगुणा. बैलाला चालतं."

"अन् मागचं समदं?"

"बैलालाच लावलं. जू घासून खांदे सोलले होते त्यांचे."

मी वाटी उचलली. तिच्या काठावर हळदीची बोटं उमटली होती.

उद्या पोळा. मालन त्या बैलांना ओवाळील, पुरणपोळी चारील अन् माझं लोणी अंगात मुरलेल्या त्या बैलांच्या पाया पडेल. तव्हा तिला बाटल्यासारखं होणार न्हाई.